गिफु-हाशिमा आणि साकुदैरा: दोन्ही स्टेशनं भातशेतात, मग व्यवसाय एकाच ठिकाणी का वसले?

रुळांलगत (धागाकर्ता)

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या कुठल्याही बातमीखाली एक वाक्य हमखास सापडतं: "स्टेशन होऊ दे, उद्योग आपोआप येतील." बोईसर, विरार, म्हातार्डी, बिलिमोरा, सगळीकडे जमिनींचे व्यवहार याच वाक्याच्या भरवशावर चाललेत. लोक आयुष्यभराची पुंजी त्यावर लावत आहेत, म्हणून ते नीट तपासून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. मी योकोहामात वाहतूक नियोजनाचं काम करतो. जपानमध्ये या वाक्याची परीक्षा १९६४ पासून चालू आहे आणि निकाल कुणालाही जाऊन बघता येतात.

आधी गिफु-हाशिमा. तोकाइदो शिनकानसेन, म्हणजे जपानची पहिली बुलेट ट्रेन, १ ऑक्टोबर १९६४ ला सुरू झाली, टोकियो ते शिन-ओसाका, ५१५ किलोमीटर. नागोयाच्या पुढे मार्ग सेकिगाहारावरून नेला, त्यामुळे गिफु शहर बाजूला राहिलं. त्या प्रांताला काहीतरी द्यायचं म्हणून हाशिमाच्या शेतात एक थांबा मिळाला. त्यामागे तिथले वजनदार पुढारी ओनो बाम्बोकु होते. त्यांचा आणि त्यांच्या पत्नीचा पुतळा आजही स्टेशनासमोर उभा आहे. गाड्या थांबू लागल्या, पण गिफु शहरातून तिथवर यायला रेल्वे नव्हती. मेइतेत्सु या खासगी रेल्वे कंपनीचा फाटा पोचला तो १९८२ साली, म्हणजे १८ वर्षांनी. तोवर येणारा आपल्या मोटारीने यायचा, आणि मोटारीने येणाऱ्याला स्टेशनापाशी आधी काय लागतं तर मोटार लावायला जागा. आजही स्टेशनाबाहेर पडलं की नजरेत भरतात ते पार्किंगचे तळ. थोडी हॉटेलं, थोड्या कचेऱ्या आहेत. पण टोकियो-ओसाका मार्गावर साठ वर्षं मिळालेल्या जागेच्या मानाने ते फारच कमी.

आता साकुदैरा, नागानो प्रांत. हे स्टेशन १ ऑक्टोबर १९९७ ला उघडलं, हिवाळी ऑलिंपिकच्या काही महिने आधी. हेही भातशेतातच. पण तिथून जुनी कोउमी लाइन आडवी जाते, डोंगरातली एकेरी, छोटी लाइन. शिनकानसेनचं स्टेशन नेमकं तिच्या छेदावर बसवलं. एरवी शिनकानसेन वर आणि लोकल खाली असते, इथे कोउमीचा फलाट वर आहे आणि शिनकानसेन खालून जाते. द्रुतगती मार्गाचं साकु इंटरचेंज जवळच. शिवाय स्टेशनाभोवतीची शेतं एकत्र करून, रस्ते काढून, पुन्हा आखून घेतली होती. १९९९ मध्ये मोठा मॉल आला, मागोमाग दुकानं, हॉटेलं, कंपन्यांच्या शाखा. शेजारच्या कोमोरोचं मात्र उलट झालं. ते किल्ल्याचं जुनं गाव, भरली बाजारपेठ, आणि जुन्या मार्गावरच्या एक्सप्रेस तिथे थांबायच्या. शिनकानसेन सुरू झाली तशा त्या एक्सप्रेस बंद झाल्या, जुना मार्ग स्थानिक कंपनीकडे गेला आणि व्यापार हळूहळू साकुदैराकडे सरकला. कोमोरोचा दोष एवढाच की नवा थांबा त्याच्या वाट्याला आला नाही.

तिसरं उदाहरण माझ्या रोजच्या वाटेवरचं, शिन-योकोहामा. १९६४ साली इथेही शेतंच होती. जोडणारी एकच योकोहामा लाइन, तीही तेव्हा एकेरी. सुरुवातीला फक्त प्रत्येक स्टेशन घेणारी कोदामा थांबायची. १९७६ पासून मोजकी हिकारी, म्हणजे कमी थांबे घेणारी जलद गाडी, थांबू लागली. १९८५ ला शहराची भुयारी रेल्वे आली आणि थांबे एकदम वाढले. २००८ पासून प्रत्येक गाडी थांबते, आणि २०२३ ला सोतेत्सु-तोक्यू या खासगी रेल्वेंचे मार्गही जोडले गेले. उत्तरेच्या दाराबाहेर संगणक आणि सेमीकंडक्टरवाल्यांच्या इमारतींच्या रांगा आहेत.

दक्षिणेच्या शिनोहारा दाराने बाहेर पडा. बसकी घरं, वळणावळणाचे अरुंद रस्ते, मधेच भाजीची वावरं. गाडी तीच, टोकियोला लागणारा वेळ तोच. पण उत्तरेच्या जमिनींची फेरमांडणी स्टेशनाबरोबरच झाली, आणि दक्षिणेला जमीनमालकांचा विरोध राहिल्याने ती झालीच नाही. कंपनी जागा शोधायला येते तेव्हा तिला चौकोनी भूखंड हवा असतो, ट्रक वळेल असा रस्ता हवा असतो, सांडपाण्याची लाइन हवी असते आणि एकच निर्वेध सातबारा हवा असतो. शिनोहारा दारापाशी यातलं काही जुळत नाही, मग ती रूळ ओलांडून उत्तरेला जाते.

माझं म्हणणं असं: व्यवसाय बुलेट ट्रेन बघून येत नाहीत. तिच्या स्टेशनाला छेदणारी रोजची, स्वस्त, साधी गाडी आहे का, आणि भोवतीची जमीन आधीच नीट मांडून ठेवली आहे का, हे बघून येतात. आपल्या १२ स्टेशनांना हे दोन प्रश्न लावून बघावेत. जवळून माहिती असणाऱ्यांनी कृपया लिहावं.

—

तारापूरकर

उत्तम धागा. माझं तारापूर एमआयडीसीत छोटं जॉबवर्कचं युनिट आहे, त्यामुळे बोईसरबद्दल लिहितो.

पहिली गोष्ट: आमचा माल बुलेट ट्रेनने जाणार नाही. तो ट्रकने चिल्हार फाट्यावर जातो आणि तिथून हायवेला लागतो. कच्चा मालही तसाच येतो. त्यामुळे "स्टेशन आलं की कारखाने येतील" हे ऐकलं की प्रश्न पडतो की कुठले कारखाने? रसायनवाला, स्टीलवाला, कापडवाला स्टेशनासाठी इंचभरही सरकणार नाही. त्याला पाणी, वीज, सांडपाण्याची व्यवस्था आणि हायवे लागतो.

पण माणसांचं वेगळं आहे. आमच्या सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनचा स्पिंडल, म्हणजे फिरणारा मुख्य दांडा, गेला की अहमदाबादकडून इंजिनिअर यावा लागतो. तो रात्रीच्या गाडीने निघतो, सकाळी पोचतो, दुपारपर्यंत काम करतो आणि परतीचं तिकीट नसेल तर इथेच मुक्काम. मशीन बंद म्हणजे पाळी बंद, कामगार बसून. हा माणूस सकाळी निघून दहाला माझ्या शेडमध्ये उभा राहिला तर माझा धंदा खरोखर बदलेल. ऑडिटला येणारे, गिऱ्हाइकाकडून तपासणीला येणारे, सगळे याच प्रकारातले.

आता अडचण. बुलेट ट्रेनचं स्टेशन बेटेगावला. बोईसरचं लोकल स्टेशन वेगळीकडे. एमआयडीसी तिसरीकडे. डहाणूपर्यंत लोकल २०१३ ला आली तेव्हा आम्हाला फार मोठा फायदा झाला, कारण वसई-विरारला राहणारे सुपरवायझर आणि क्वालिटीवाले रोज ये-जा करू लागले. तोपर्यंत चांगला माणूस "बोईसर? नको" म्हणायचा. गाड्या अजून कमी आहेत, विरार-डहाणू चौपदरीकरणाची आम्ही वाट बघतोय. मला विचाराल तर आमच्या वसाहतीला माणसं मिळवून दिली ती डहाणू लोकलने. म्हणजे धागाकर्त्यांच्या दोन प्रश्नांपैकी पहिल्याला माझं पूर्ण अनुमोदन.

—

अळवाचं_पान

माहितीपूर्ण. वाचनखूण साठवली.

एक शंका आहे. साकुदैराला दुकानं आली आणि कोमोरोची गेली. मग एकूण वाढलं काय? तेच गिऱ्हाईक, तीच खरेदी, फक्त जागा बदलली. आपल्याकडेही विरारची कचेरी बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) गेली किंवा वापीची विरारला आली, तर त्याला विकास म्हणायचं का?

—

रुळांलगत

अळवाचं_पान, या शंकेवर जपानमध्ये आणि युरोपातही खूप लिहिलं गेलंय.

शिनकानसेनच्या आधी टोकियो-ओसाका सर्वांत वेगवान गाडीला साडेसहा तास लागायचे. १९६४ ला चार तास झाले, १९६५ ला तीन तास दहा मिनिटं. सकाळी जाऊन, मीटिंग करून, रात्री घरी. ओसाकातल्या कंपन्यांना वाटलं की आता टोकियोचं गिऱ्हाईक आपलं. काही अंशी झालंही. पण ओसाकात जन्मलेल्या अनेक मोठ्या कंपन्यांची मुख्यालयं पुढच्या काही दशकांत टोकियोला गेली. सरकार, बँका, परवाने टोकियोत, आणि ओसाकाच्या कारखान्यावर लक्ष ठेवायला तीन तास पुरेसे. कारणं बरीच होती, गाडी त्यातलं एक. जलद गाडी दोन्ही दिशांनी धावते, आणि ज्या टोकाला जास्त वजन असतं तिकडे निर्णय घेणारी खुर्ची सरकते.

म्हणून "किती व्यवसाय आले" याबरोबर "कुठून आले" हेही विचारायला हवं. फ्रान्समधलं लील बघा. पॅरिसहून उत्तरेकडे जाणारी टीजीव्ही (फ्रान्सची जलद रेल्वे) १९९३ ला सुरू झाली. पॅरिस, लंडन आणि ब्रसेल्सचे मार्ग शहराच्या आतच मिळावेत म्हणून महापौर पिएर मोरवा यांनी (हे आधी पंतप्रधान होते) जोर लावला. स्टेशन जुन्या स्टेशनापासून चालत जाण्याइतकं जवळ आलं आणि भोवती युरालील नावाचा व्यापारी भाग उभा राहिला. आराखडा वास्तुविशारद रेम कोल्हास यांचा. तिथल्या कचेऱ्यांपैकी बऱ्याच लीलमधूनच सरकलेल्या होत्या. तरी कापडगिरण्या आणि कोळसा बसलेल्या त्या शहराला सेवाक्षेत्राचं नवं ठिकाण मिळालं हे खरं.

त्याच मार्गावर आमिएँ आणि सँ-काँतँ या दोन गावांच्या मधे शेतात ओत-पिकार्दी नावाचं स्टेशन आहे, १९९४ चं. आमिएँला लाइन स्वतःतून जायला हवी होती, ते झालं नाही. दोघांच्या मधे स्टेशन दिलं, ते दोघांच्याही कामाचं राहिलं नाही. साध्या रेल्वेचा एकही मार्ग त्याला जोडलेला नाही. लोक त्याला बीटाच्या शेतातलं स्टेशन म्हणतात. लाइन तीच, वर्षं जवळपास तीच.

—

तापीकाठी

मी मूळचा धुळ्याचा, सुरतेत हिऱ्याच्या पेढीत हिशेबाचं काम बघतो. आमच्या धंद्यावर हा धागा तंतोतंत लागू पडतो.

हिरा सुरतेत घासला जातो, विकला जातो मुंबईत. बीकेसीत भारत डायमंड बोर्स २०१० पासून आहे, आणि बुलेट ट्रेनचं मुंबईचं स्टेशन बीकेसीतच, जमिनीखाली. म्हणजे मुंबईच्या टोकाला उतरलं की गिऱ्हाईक समोर. आज आमची माणसं पहाटे फ्लाइंग राणी पकडतात, माल आंगडियाकडे (मौल्यवान माल पोचवणाऱ्या पारंपरिक कुरिअरकडे), आणि रात्री परत. शेठलोकांची निम्मी जिंदगी या प्रवासात गेली आहे.

सुरतेच्या टोकाला काय आहे ते बघा. स्टेशन अंत्रोलीला, शहराच्या पूर्वेला, बाहेर. घासकाम वराछा-कतारगामला. नवीन सुरत डायमंड बोर्स खजोदला, म्हणजे नैऋत्येला. चार हजारांहून जास्त कचेऱ्यांची इमारत, पंतप्रधानांनी डिसेंबर २०२३ ला उद्घाटन केलं. कचेऱ्या विकल्या गेल्या, पण वापर सुरू व्हायला फार वेळ लागतोय. कारण विदेशी गिऱ्हाईक मुंबईला उतरतं, बँका आणि कस्टम्सची घडी मुंबईत बसलेली, आणि शेजारी बसलेला दलालही मुंबईत. एकटा उठून खजोदला गेला तर त्याचा धंदा तुटतो. सगळे एकदम उठायला हवेत, आणि पहिलं कोण उठणार यावर अडलंय.

मेट्रोचं काम चालू आहे. एक मार्ग सरथाणा ते ड्रीम सिटी, तो खजोदला जातो. दुसरा भेसाण ते सारोली. अंत्रोली सारोलीच्याही पुढे. म्हणजे बुलेट ट्रेनमधून उतरलेला व्यापारी मेट्रोत बसून थेट बोर्सला जाऊ शकेल अशी सोय आजच्या आराखड्यात नाही. सारोलीपासून अंत्रोलीपर्यंतचा तेवढा तुकडा झाला तर सुरतेचं चित्र वेगळं होईल. तो नाही झाला तर माझा अंदाज असा की गाडीचा फायदा बीकेसीला जास्त होईल. सुरतेचा कारखानदार मुंबईची कचेरी मोडणार नाही, उलट रोज जाऊन येईल.

—

शिंचू_वासी

तैवानहून लिहितोय, सेमीकंडक्टरमध्ये आहे. इथली हायस्पीड रेल्वे जानेवारी २००७ ची. बहुतेक स्टेशनं मुद्दाम शहराबाहेर ठेवली, कारण तिथे जमीन होती आणि नवी वसाहत वसवायची होती. त्यामुळे सगळी एकाच वर्षी, एकाच पद्धतीने सुरू झाली आणि तुलना करायला सोपी जाते.

शिंचूचं स्टेशन खुद्द शिंचूत नाही, झुबेईत आहे. पण सायन्स पार्क १९८० पासून जवळच आहे, दोन मोठी विद्यापीठं आहेत, आणि तैपेई अर्ध्या तासाच्या आसपास. २०११ ला जुन्या रेल्वेचा लिउजिया फाटा थेट स्टेशनापर्यंत आणला. स्टेशनाजवळ बायोमेडिकल पार्क झालं. इंजिनिअरांची घरं, शाळा, हॉटेलं यांनी झुबेई भरून गेलं. इथे स्टेशनाने उद्योग आणला असं मी म्हणणार नाही. उद्योग होताच, वाढायला जागा आणि तैपेईशी दुवा हवा होता, तो मिळाला.

चियायीचं स्टेशन ताइबाओला, शहरापासून लांब, उसाच्या पट्ट्यात. तिथे रेल्वेचा फाटा आला नाही, फक्त बस. २०१५ ला राष्ट्रीय संग्रहालयाची शाखा आली, लोक बघायला येतात आणि जातात. खरा उद्योग येऊ लागला तो आत्ता: सायन्स पार्क मंजूर झालं आणि २०२४ ला टीएसएमसी या तैवानच्या मोठ्या चिप कंपनीने तिथे चिप पॅकेजिंगचा कारखाना जाहीर केला. म्हणजे स्टेशन उघडल्यावर पंधरा वर्षांहून जास्त काळ थांबावं लागलं. ज्यांनी २००७ मध्ये कर्ज काढून तिथे दुकानगाळे घेतले असतील त्यांचा विचार करा.

टीएसएमसीचे कारखाने शिंचू, ताइचुंग आणि ताइनान, तिन्ही ठिकाणी आहेत. इंजिनिअर या गाडीने वर-खाली करतात. एका कंपनीचे हातपाय दोनतीनशे किलोमीटरवर पसरूनही एकत्र चालतात, हा मला या गाडीचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो. तारापूरकरांनी जे स्पिंडलबद्दल लिहिलंय ते अगदी हेच.

धागाकर्त्यांच्या दुसऱ्या मुद्द्याबद्दल: इथे स्टेशनाभोवतीची जमीन सरकारने घेतली, रस्ते-गटारं केली आणि साधारण ४० टक्के विकसित जमीन मूळ मालकांना परत दिली. ज्यांना पैसे नको होते त्यांनी जमीन घेतली.

—

खाडीपल्याड

दिव्यात राहतो. ठाण्याचं बुलेट स्टेशन म्हणजे म्हातार्डी, दिवा-डोंबिवलीच्या पट्ट्यात. ठाणे शहरातल्या लोकांना ते ठाणे वाटणारच नाही.

पण मला हे स्टेशन धागाकर्त्यांच्या कसोटीवर सगळ्यात आशादायक वाटतं. दिवा जंक्शन आहे. मध्य रेल्वेची लोकल, पनवेलचा फाटा, कोकणात जाणाऱ्या गाड्या, वसईचा फाटा, सगळं इथून जातं. रोज लाखो माणसं दारात लटकून जातात. इथून सीएसएमटीकडे जाणारी जी गर्दी आहे तिच्यातल्या दहातल्या दोघांना जरी म्हातार्डीच्या आसपास नोकरी मिळाली तरी जीव वाचतील हो, अक्षरशः. मुंब्रा-दिवा टप्प्यात लोकलमधून पडून माणसं गेली आहेत.

आज स्थिती काय, तर दिवा पूर्वेला रस्त्यावर दोन रिक्षा समोरासमोर आल्या की वाहतूक ठप्प. ज्या पट्ट्यात पंधरा वर्षांत दाटीवाटीने चाळी आणि इमारती उभ्या राहिल्या तिथे आता चौकोनी भूखंड कुठून काढणार? म्हातार्डीची शेतजमीन अजून थोडी मोकळी आहे. ती दिव्यासारखी भरली की संपलं. बुलेट ट्रेन धावायची वाट न बघता रस्ते आत्ताच आखायला हवेत. जायका या जपानच्या सरकारी मदतसंस्थेबरोबर साबरमती, सुरत, विरार आणि ठाणे या चार स्टेशनांच्या परिसराचा आराखडा करायचं ठरलं आहे. त्यात दिव्याचे रहिवासी कुठे आहेत, एवढंच मला विचारायचंय.

—

वेस्टरवाल्ड

जर्मनीतून दोन ओळी. कोलोन-फ्रँकफर्ट मार्ग २००२ चा. मधे २० किलोमीटरच्या अंतरात दोन स्टेशनं आहेत, लिम्बुर्ग आणि मोंताबाउर. दोन राज्यांना एकेक हवं होतं. मोंताबाउर जेमतेम तेरा-चौदा हजारांचं गाव. अर्थशास्त्रज्ञांनी या लहान गावांचा अभ्यास केला, कारण ती स्वतःच्या जोरावर नाही, राजकीय तडजोडीतून मिळालेली स्टेशनं होती. त्यांना वाढ दिसली.

पण दोघांत फरक आहे. मोंताबाउरला प्रादेशिक गाडी त्याच स्टेशनात येते, महामार्ग शेजारून जातो, आणि गावात आधीपासून मोठी इंटरनेट कंपनी होती, जिचं मुख्यालय आजही तिथेच आहे. लिम्बुर्गच्या नव्या स्टेशनात जलद गाड्यांखेरीज दुसरी कुठलीच गाडी येत नाही. मूळ गावातून बसने यायचं. स्टेशन छोट्या गावाला दिलं म्हणून वाया गेलं असं मात्र कुणी समजू नये. लहान गावातली कंपनी मोठ्या शहरातला माणूस नोकरीला ठेवू शकते, हे मोंताबाउरमध्ये रोज दिसतं.

—

सूर्याकाठ

मी पालघर जिल्ह्यातला. आमच्या भागातून लाइन जाते. सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. जपान, तैवान, जर्मनी ठीक आहे, पण "जमिनीची फेरमांडणी" हे शब्द आम्ही ऐकतो तेव्हा पोटात गोळा येतो हे इथल्या शिकलेल्या लोकांनी समजून घ्यावं.

धरणासाठी जमीन दिली, पाणी शहराकडे गेलं. एमआयडीसीसाठी दिली, नोकऱ्या बाहेरच्यांना आणि आमच्या विहिरीचं पाणी रंगीत. आता बुलेट ट्रेन, आता वाढवण बंदर. धागाकर्ते लिहितात की शिनोहारा दारापाशी मालकांनी विरोध केला म्हणून तिथे कंपन्या आल्या नाहीत. तिथे अजून भाजी पिकते असंही तेच लिहितात. त्या शेतकऱ्यांचं नुकसान झालं असं तुम्ही कशावरून ठरवलंत?

आमच्याकडे दलाल येतात, सातबारा मागतात, टोकन देतात. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय विकता येत नाही, म्हणून मग वेगळेच कागद करतात. स्टेशन व्हायच्या आधीच जमीन हातातून गेलेली असते. नंतर उद्योग आले काय आणि नाही आले काय, आम्ही तिथे नसूच.

—

रुळांलगत

सूर्याकाठ, शिनोहाराच्या शेतकऱ्यांचं नुकसान झालं असं मी म्हणत नाही. त्यांनी जे निवडलं ते त्यांना मिळालं. मी फक्त एवढं सांगतोय की स्टेशन असूनही व्यवसाय आले नाहीत, आणि त्यामागे मालकांची इच्छा होती. ती इच्छा मोजली गेली, तिच्यापुढे योजना थांबली, हे मला त्या समाजाचं मोठेपण वाटतं.

जपानी पद्धतीत एक गोष्ट महत्त्वाची आहे: जमीन विकत घेतली जात नाही. सगळ्यांचे तुकडे एकत्र होतात, रस्ते आणि बागांसाठी प्रत्येकाचा वाटा कापला जातो, थोडे भूखंड विकून खर्च निघतो आणि उरलेली जमीन त्याच मालकांना परत मिळते, आकाराने लहान पण रस्त्याला लागून. भाव वाढला तर त्याच्याच हातात वाढतो.

काकेगावाचंही सांगतो. तिथे शिनकानसेन जायची पण थांबायची नाही. गावाने थांबा मागितला. खर्च स्थानिकांनी उचलायचा होता. लोकवर्गणीतून सुमारे ३ अब्ज येन उभे राहिले आणि मार्च १९८८ मध्ये स्टेशन उघडलं. ज्यांनी पैसे घातले त्यांनी पुढे औद्योगिक वसाहत कुठे, बस कुठून, हेही ठामपणे मागितलं. माझ्या मते तिथे कारखाने टिकून राहण्यात या मागण्यांचा वाटा आहे.

—

आखणीकार

नगररचनेत काम करतो, बरीच वर्षं गुजरातेत होतो. रुळांलगत यांनी जी पद्धत सांगितली ती आपल्याला नवी नाही. टी. पी. (टाउन प्लॅनिंग) स्कीम म्हणतात ती हीच. मुंबई इलाख्याचा कायदा १९१५ चा आहे! गुजरातने ती पद्धत चालू ठेवली आणि १९७६ चा स्वतःचा कायदा केला. अहमदाबादचा बराच विस्तार टी. पी. स्कीमवर उभा आहे. महाराष्ट्राच्या १९६६ च्या कायद्यातही तरतूद आहे, पण आपण अनेक दशकं ती जवळजवळ बाजूला ठेवली. आता नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या नैना क्षेत्रात सिडकोने पुन्हा हाती घेतली आहे. बुलेट मार्गावर ८ स्टेशनं गुजरातेत आणि ४ महाराष्ट्रात आहेत. गाडी एकच, पण स्टेशनाभोवती जमीन मांडण्याचा सराव एका बाजूला जास्त आहे. पुढच्या वीस वर्षांत फरक दिसला तर त्याचं मोठं कारण हे असेल.

सूर्याकाठ यांच्या मुद्द्यावर मला गांभीर्याने लिहायचं आहे. जिथे आदिवासी जमीन आहे तिथे विक्रीवर आधारलेलं कुठलंही प्रारूप चुकीचं आहे. टी. पी. स्कीममध्ये विक्री होत नाही, मालकाचं नाव कायम राहतं, त्यामुळे तत्त्वतः ती तिथे जास्त बसते. पण तीन गोष्टी झाल्या तरच: स्कीम जाहीर होण्यापूर्वीचे संशयास्पद करार तपासले गेले पाहिजेत, कापला जाणारा वाटा ग्रामसभेसमोर आकड्यात मांडला पाहिजे, आणि अंतिम भूखंड भाड्याने देण्याची कायदेशीर वाट खुली असली पाहिजे, म्हणजे कंपनीला जागा मिळेल आणि मालकी पाड्यातच राहील. हडपसरच्या मगरपट्ट्यात शेतकऱ्यांनी स्वतः जमिनी एकत्र केल्या आणि आयटी कंपन्या भाडेकरू म्हणून आल्या. तिथे तर बुलेट ट्रेनही नव्हती. ते शेतकरी तुलनेने सधन होते आणि नेतृत्व घरातलं होतं, हा फरक मी विसरलेलो नाही.

—

अळवाचं_पान

आखणीकार, हे तीन मुद्दे कुठेतरी मराठीत, सोप्या भाषेत, एका पानावर लिहून द्याल का? माझी बहीण पालघरला शिक्षिका आहे, तिच्यातर्फे गावांपर्यंत पोचवता येईल.

—

आखणीकार

नक्की. या आठवड्यात लिहून इथेच टाकतो.

—

सूर्याकाठ

पान आलं की ग्रामसभेत वाचून दाखवेन. आमचं गाव पेसाखाली (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आहे, ठराव करता येतो. भाड्याची वाट असेल तर लोक ऐकतील, विक्रीचं नाव काढलं तर उठून जातील.

तारापूरकर, तुम्हाला एक विचारतो. तुमचा इंजिनिअर बेटेगावला दहाला उतरला, तर त्याला न्यायला तुम्ही गाडी पाठवाल. आमची पोरं एमआयडीसीत पाळीला जातात ती शेअर रिक्षाने, रात्रपाळीला दुप्पट पैसे देऊन. त्यांचं काय?

—

तारापूरकर

रास्त प्रश्न. आमच्या कारखानदारांच्या बैठकीत बेटेगाव स्टेशन, बोईसर लोकल स्टेशन आणि एमआयडीसी अशी फिरती बस मागायचं पत्र तयार होतंय. आत्तापर्यंत त्यात फक्त स्टेशन सुरू झाल्यावरच्या वेळा होत्या. पाळ्यांच्या वेळा, म्हणजे सकाळी सात, दुपारी तीन, रात्री अकरा, मी त्यात घालून घेतो, आणि स्टेशनाची वाट न बघता बस आत्ताच सुरू करा असं लिहितो. तुमच्या ग्रामसभेची सही सोबत मिळाली तर पत्राला वजन येईल.

—

सूर्याकाठ

सहीचं बघतो. पण पत्रात बसथांबा रुळांच्या कुठल्या बाजूला ते आधी लिहा. आमचे पाडे हायवेच्या बाजूला आहेत, आणि मधे कुंपण झालं तर वळसा घालून यावं लागेल.